उत्तम जवारी

दिलीप नेर्लेकरांना आयुष्यात कधी कुणाला आग्रह करता आला नाही. मिरजेच्या एका वाचनालयात त्यांनी सगळी नोकरी ग्रंथपाल म्हणून केली. पण एखादं पुस्तक स्वतःला कितीही आवडलेलं असो, 'हे वाचा' असं त्यांनी कुठल्या वाचकाला सांगितलं नाही. फार तर ते पुस्तक कपाटातून काढून टेबलाच्या कडेला, सहज हात पडेल असं ठेवत. कुणी उचललं तर दिवसभर खुशीत असत. नाही उचललं तर संध्याकाळी मुकाट्याने परत जागेवर लावत, आणि आपलीच आवड कच्ची असावी असं धरून चालत.

गाण्याच्या बाबतीतही तेच. मिरजेत गाणाऱ्यांची ये-जा फार. त्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसायला कुणीतरी लागे, आणि नेर्लेकर वेळेवर येत, मध्येच मान डोलावत नसत, पाणी मागत नसत. म्हणून त्यांना बोलावणं यायचं. स्वतः ते कधी गायले नाहीत. तंबोरा मात्र असा लावत की एकदा एका बुजुर्ग गायकाने मागे वळून पाहिलं होतं. नुसतंच पाहिलं, बोलले काही नाहीत. ते पाहणं चांगलं होतं की वाईट, याचा निकाल नेर्लेकरांच्या मनात अजून लागलेला नव्हता.

आता ते आणि पत्नी सुरेखाताई वर्षातले तीन महिने आयर्लंडमध्ये, एनिसला मुलीकडे येऊन राहत. यामिनी घरूनच काम करायची, जावई संग्राम शॅननला एका सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी दोघंही आपापल्या पडद्यासमोर बसली की नेर्लेकर छत्री घेऊन गावात जात. फर्गस नदीच्या पुलाजवळ जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं. लोकांनी देऊन टाकलेले कोट, कपबश्या, पुस्तकं तिथे विकायला ठेवत आणि आलेले पैसे धर्मादायाला जात. नेर्लेकर मागच्या कोपऱ्यात पुस्तकांच्या फडताळापाशी उभे राहून तास-दीड तास वाचत आणि मग संकोच वाटून एखादं विकत घेत.

दुपारी गल्ल्यावर ग्रॉन्या नावाची बाई असे. साठीकडे झुकलेली, उंच, करडे केस मागे बांधलेले. ती नेर्लेकरांशी हवापाण्याखेरीज काही बोलत नसे, आणि हवापाण्याबद्दलही एकच वाक्य. त्यामुळे त्यांना ती फार आवडे.

एक दिवस गल्ल्याशेजारच्या खोक्यात त्यांना एक सीडी दिसली. राखाडी वेष्टन, त्यावर विजेच्या खांबांचं चित्र, आणि नाव 'वेट वायर्स', म्हणजे ओल्या तारा. त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"न्या तशीच," ग्रॉन्या म्हणाली. "कुणी नेत नाही. माझीच आहे."

"तुमची म्हणजे? तुम्ही दिलेली?"

"केलेली," ती म्हणाली, आणि लगेच एका कोटाला किमतीची चिठ्ठी टोचायला लागली.

घरात सीडी वाजवायला काही नव्हतं. यामिनीच्या जुन्या गाडीत मात्र सोय होती. म्हणून त्या संध्याकाळी नेर्लेकर दारात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसले. काचेवर पाऊस होता. आधी वाटलं, सीडी बिघडलेली आहे, कारण काही ऐकूच येईना. मग लक्षात आलं, ऐकू येतंय. केव्हापासून तेच कळलं नव्हतं. खूप खालचा एक घुमारा होता. एकच स्वर. पण एकच म्हणावा तर त्याच्या पोटातून दुसरा निघत होता, दुसऱ्याच्या कडेने तिसरा, आणि त्या सगळ्यांवर एक बारीक, सोनेरी म्हणावी अशी झणझण पसरत होती.

नेर्लेकरांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. ही झणझण त्यांच्या ओळखीची होती.

तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते, तिथे तिच्याखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की तार मुकी होते. नेमक्या जागी आला की मात्र ती नुसती वाजत नाही, गुंजायला लागते, आणि एका स्वरातून स्वरांचं जाळं फुटतं. त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. तरुणपणी नेर्लेकरांनी त्या दोऱ्यासाठी कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या. आणि इथे, तंबोरा कधी पाहिलाही नसेल अशा एका बाईच्या यंत्रांतून तीच जवारी निघत होती.

ते रोज गाडीत जाऊन बसू लागले. सुरेखाताई खिडकीतून बघत आणि यामिनीला म्हणत, "तुझे बाबा निघाले गावाला."

एकदा सीडी गाडीतच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी संग्राम ती गाडी घेऊन शॅननला गेला. वाटेत खालून घर्र असा आवाज यायला लागला म्हणून त्याने गाडी सरळ गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने गाडी वर उचलून चाकं तपासली, खाली वाकून पाहिलं, आणि शेवटी आत बसून सीडी बंद केली.

"बाबा, तुमचं संगीत दुरुस्त होऊन आलंय," संग्राम संध्याकाळी म्हणाला. "तो म्हणे, गाडी 'ग्रँड', म्हणजे ठणठणीत आहे, ऐकणाऱ्याचं काही सांगता येत नाही."

सगळे हसले. नेर्लेकरही हसले. रात्रभर मात्र ते विचार करत राहिले, की आपल्याला जे ऐकू येतं ते खरंच त्यात आहे, की म्हातारपणी कान वाजतात तसलं काही आहे.

ग्रॉन्याला हे सांगायचं कसं, यात पुढचे बरेच दिवस गेले. इंग्रजी वाचायची त्यांना सवय होती, बोलायची नव्हती. ते वाक्यं जुळवून दुकानात जात आणि पुस्तक घेऊन परत येत. शेवटी एकदा दुकानात कुणी नव्हतं, आणि तीच म्हणाली, "ऐकलीत?"

"ऐकली," नेर्लेकर म्हणाले. "रोज." आणि मग जुळवलेली सगळी वाक्यं विसरून त्यांनी गल्ल्यावरची सुतळी ओढली, तिचा एक धागा सोडवला, आणि पट्टीवर रबर ताणून त्याच्याखाली धागा सरकवत जवारी म्हणजे काय ते तिला दाखवायला लागले. रबर नीट वाजेना. पण ती वाकून बघत होती.

"हे तुमच्या आवाजात आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे त्याला जवारी म्हणतात. ती मिळायला माणसं जन्म घालवतात."

ग्रॉन्याने तो धागा बोटाने सरकवून पाहिला. मग म्हणाली, "लोक म्हणतात, हे फ्रिजसारखं वाजतं."

"त्यांना कळत नाही."

"कळतं की. तो फ्रिजच आहे. माझ्या आईचा. त्यावर बरेनच्या माळावरच्या विजेच्या तारा चढवल्यात, पावसातल्या. बाकी माझी यंत्रं." मग तिने तो शब्द उच्चारून पाहिला. "जवारी." तिच्या तोंडी तो 'जवॉरी' असा आला.

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलू लागली. घरी तिने जुनी वाद्ययंत्रं जमवली होती, तारांची, बटणांची, काही स्वतः जोडलेली. अर्धं आयुष्य त्यांच्यापाशी गेलं होतं. आता दहा दिवसांनी, रविवारी दुपारी चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये ती वाजवणार होती, आणि ते शेवटचं. सोमवारी गॉलवेचा एक मुलगा येऊन यंत्रं घेऊन जाणार होता.

"का?" नेर्लेकरांनी विचारलं.

"मागच्या खेपेला तिघं आले होते. एक माझी बहीण. एक हॉलची किल्ली सांभाळणारा. तिसरा पावसामुळे आत आलेला." ती हसली. "मी कुणावर रागावले नाही, दिलीप. पण एकदा तरी भरलेल्या खोलीत वाजवायला मिळालं असतं, तर मी यंत्रं ठेवलीही असती. रिकाम्या खोलीसाठी इतकी जागा अडवून ठेवायची म्हणजे..."

वाक्य तिने तसंच सोडलं आणि आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली.

नेर्लेकर पुलावर येऊन उभे राहिले. भरलेली खोली. आयुष्यभर ज्याने पुस्तक टेबलाच्या कडेला ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, त्या माणसाने आता लोकांना 'या' म्हणायचं होतं. दुसरं कोण म्हणणार होतं? तिची बहीण?

क्लेअर-लिमरिककडच्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲपवर एक गट होता. यामिनीने वडिलांना त्यात घातलं होतं. ते नुसते वाचत. आता त्यांनी निरोप लिहायला घेतला आणि त्यात दोन दिवस घालवले.

पहिल्यांदा लिहिलं: 'आधुनिक इलेक्ट्रॉनिक संगीताचा अप्रतिम कार्यक्रम.' मग वाटलं, इलेक्ट्रॉनिक म्हणजे काय हे कुणी विचारलं तर आपल्याला सांगता येणार नाही. तो शब्द काढला. आधुनिक की कसं, हे ठरवणारे आपण कोण? तोही काढला. 'अप्रतिम'चं 'उत्तम' केलं. मग बराच वेळ 'संगीत' या शब्दाकडे बघत बसले. यात सूर आहे, पण चाल नाही, ताल नाही. उद्या कुणी उठून म्हणालं, काका, हे संगीत नव्हे, तर त्याचं काय चुकलं? संगीत काढलं. त्याजागी 'आवाज' घातलं. पण आवाज ऐकायला कोण गाडी काढून येणार? तेही काढलं. 'कार्यक्रम' हा शब्द मोठा वाटला. माणसं हारतुऱ्यांची अपेक्षा करतील. शेवटी ज्याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती तेवढंच उरलं, आणि ते त्यांनी पाठवून दिलं:

'येत्या रविवारी दुपारी तीन वाजता, पॅरिश हॉल, एनिस. उत्तम जवारी. एकदाच. विनामूल्य. सर्वांनी अवश्य यावे. दि. ग. नेर्लेकर.'

 पाठवल्याबरोबर फोन त्यांनी सुरेखाताईंकडे दिला. "काय येतं ते तूच बघ. वाईट असेल तर सांगू नको."

यामिनीने तो गट कधीच मुका करून ठेवला होता. सुरेखाताईंनी चष्मा लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, अंगठेच अंगठे आलेत. हात जोडलेले आलेत. आणि कुणीतरी जिभल्या चाटणारं तोंड पाठवलंय."

"गाण्याला असं पाठवतात?"

"हल्ली कशालाही काहीही पाठवतात."

दुसऱ्या दिवशी लिमरिकहून सुचित्राचा फोन आला. ती मूळची बार्शीची, एका मोठ्या कंपनीत कामाला, आणि तिचे वडील बाळासाहेब सध्या तिच्याकडे आले होते.

"काका, निरोप वाचून बाबा इतके खूश झालेत म्हणून सांगू. त्यांनी विचारायला सांगितलंय, जवारी बंद आहे का मोकळी?"

नेर्लेकर खुर्चीवरून उठून उभे राहिले. तंबोऱ्याची जवारी बंद असते किंवा मोकळी असते, हे जाणणारा माणूस आयर्लंडमध्ये आहे, आणि तो लिमरिकला आहे, तीस-चाळीस किलोमीटरवर.

"मोकळी," ते म्हणाले. "अगदी मोकळी."

"बरं झालं. ती पाकि... बाबा, थांबा, बोलतेय ना मी. काका, बाबा म्हणतायत यंदाची आहे का?"

"यंदाचीच म्हणायची. तशी मुरलेली आहे. वडिलांना यातलं कळतं वाटतं?"

"कळतं? काका, त्यांचा जन्म गेलाय जवारीत."

"मग त्यांना पुढेच बसवू," नेर्लेकर म्हणाले. 

"बसायचंय होय? बरं, बसतील. मी तिकडे ट्रली गावातल्या मंडळींनापण कळवते."

त्या आठवड्यात नेर्लेकर नेहमीपेक्षा जास्त जेवले. दुकानात जाऊन ग्रॉन्याला म्हणाले, "माणसं येतील असं दिसतं." तिने मान हलवली. तिचा विश्वास बसलेला नव्हता, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून ती तसं दाखवत नव्हती.

रविवारी सगळं घर दोन वाजताच हॉलवर गेलं. जुना दगडी हॉल, लाकडी जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, एका कडेला चहाची मोठी किटली. ग्रॉन्याने भिंतीशी टेबल मांडून त्यावर यंत्रं लावली होती; दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीएवढे जुने स्पीकर. तिची बहीण आली होती. किल्लीवालाही होता.

पावणेतीनला पहिली गाडी आली. मग दुसरी. मग पटांगणात गाड्या लावायला जागा पुरेना. नेर्लेकर दारात उभे होते. माणसं छत्र्या झटकत आत येत होती: बायका, पुरुष, पोरं, एक-दोन आजीआजोबा. ग्रॉन्या टेबलामागे उभी राहून बघत होती आणि तिचा हात एका बटणावर नुसताच राहिला होता.

नेर्लेकरांच्या लक्षात डबे जरा उशिरा आले. आधी वाटलं, माणसं लांबून आलीत, खायचं आणलं असेल. पण डबे रिकामे होते; हातात धरण्यावरून ते कळत होतं. स्टीलचे उभे डबे, कडीचे डबे, झाकणं घातलेली मोठी पातेली. कुणाकडे कापडी पिशव्या. एका बाईच्या पिशवीतून मात्र खमंग वास येत होता, ठेच्याचा.

तेवढ्यात सुचित्रा आली, आणि तिच्यामागे धोतर, कोट आणि कानटोपी घातलेले बाळासाहेब. त्यांच्या दोन्ही हातांत मिळून घरातला सगळ्यात मोठा डबा असावा.

"रामराम, नेर्लेकर," ते म्हणाले. "लई उपकार केले. हितलं पाकिटातलं पीठ म्हंजे विरी गेलेलं, भाकरी थापाया घेतली की फाटतीया. कुठं मांडलीय जवारी?"

नेर्लेकरांनी त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि एका क्षणात सगळा आठवडा त्यांच्या डोळ्यांसमोरून उलटा गेला: बंद, मोकळी, यंदाची, जिभल्या चाटणारं तोंड.

सुरेखाताई शेजारीच होत्या. त्यांनाही कळलं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "निरोपात गाणं असं कुठे लिहिलं होतंत का?"

"काढलं होतं," नेर्लेकर म्हणाले.

संग्रामने तोंडावर हात धरला आणि भिंतीकडे वळला. यामिनी म्हणाली, "बाबा, आता काही बोलू नका. बसू देत सगळ्यांना. सुरू झालं की कुणी उठणार नाही."

ते खरं होतं. गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. आणि गप्प राहणं तर नेर्लेकरांना जन्मभर जमत आलेलं. खोली भरलेली होती. ग्रॉन्याला भरलेली खोलीच हवी होती. पण पिठाची वाट बघत बसलेली माणसं तिच्या समोर ठेवायची, म्हणजे खोट्या नोटा दिल्यासारखं झालं असतं.

ते खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले. इतक्या माणसांसमोर, हातात तंबोरा नसताना, ते पहिल्यांदाच उभे होते.

"मंडळी," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले. "मंडळी, माझी चूक झाली आहे. इथे ज्वारी नाही."

माणसं हातातल्या डब्यांकडे बघू लागली.

"पीठही नाही. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवतात, आणि मग ती जे गुंजते, त्याला जवारी म्हणतात. मी ती लिहिली होती. या बाई ती काढतात, यंत्रांतून. मला ती फार चांगली वाटते. मला कळतं असं माझं म्हणणं नाही. पण आज कुणी बसलं नाही, तर त्या उद्यापासून वाजवायचं सोडणार आहेत. ज्यांना जायचं असेल त्यांनी जरूर जावं. मी वाईट वाटून घेणार नाही." ते थांबले. "म्हणजे, घेईन. पण दाखवणार नाही."

कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं कुणी. एक पुणेकर गृहस्थ बायकोला म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, ज्वारी अशी फुकट कोण देतो?" ट्रलीहून आलेलं एक जोडपं उठून आपापसात कुजबुजलं. दोन-तीन माणसं खरंच दाराकडे गेली.

"का हो, नेर्लेकर," पुढच्या रांगेतून बाळासाहेब म्हणाले, "म्या इचारलं मोकळी का, तवा तुमी काय समजलात?"

"तुम्हाला तंबोऱ्यातलं कळतं असं समजलो."

"आन म्या समजलो, तुमी पोतं फोडलंय." बाळासाहेबांनी कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "असू द्या. एवढं आलोय तर बसू. भाईर पाऊस लागलाय, आन घरी जाऊन तरी तेच फाटकं पीठ. वाजवा म्हणावं बाईला."

ते बसले. ते बसले म्हणून सुचित्रा बसली, आणि बाकीचेही बरेच बसले. सगळ्यांनी आपापले डबे खुर्च्यांखाली ठेवले. ग्रॉन्याने नेर्लेकरांकडे प्रश्नार्थक पाहिलं. त्यांनी फक्त हाताने सुरू करा अशी खूण केली.

आधी काहीच ऐकू आलं नाही, नेहमीसारखंच. मग तो घुमारा जमिनीतून आला. माणसं एकमेकांकडे बघू लागली. एक पोरगी आईला इंग्रजीत म्हणाली, "आई, फ्रिज," आणि आईने तिला गप्प केलं. कुणी फोन काढला. मागे दार उघडून आणखी दोघं गेले. नेर्लेकर कडेच्या खुर्चीवर मान खाली घालून बसले होते. प्रत्येक खुर्ची करकरली की ते आणखी एक गेला असं मनात मोजत होते.

आणि मग बाळासाहेबांचा डबा वाजायला लागला.

खुर्चीखाली, लाकडी जमिनीवर ठेवलेला तो रिकामा डबा, त्याचं झाकण जरा सैल होतं. घुमारा एका जागी आला आणि ते झाकण थरथरायला लागलं: बारीक, चमकदार, सलग झणझण. बाळासाहेबांनी खाली वाकून पाहिलं. लगेच दुसऱ्या रांगेतला एक कडीचा डबा बोलला. मग मागचं पातेलं.

ग्रॉन्याने मान वर केली. यंत्रावरचा तिचा हात थांबला, आणि मग अगदी हळू, केसाएवढा, मागे आला. डबे गप्प झाले. हात पुढे गेला. डबे पुन्हा बोलले, आता जास्त. तिने तो स्वर तिथेच धरला आणि त्याच्यावर दुसरा ठेवला, आणि हॉलमधले लहान डबे जागे झाले. आता कुणी फोनकडे बघत नव्हतं. सुचित्रा खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली होती आणि डब्याला कान लावून ऐकत होती. बाळासाहेब झाकण बोटाने दाबून सोडत होते. दाबलं की मुकं, सोडलं की गुंजतं.

बाळासाहेबांच्या शेजारी बसलेल्या पुणेकरांचा डबा मात्र नुसताच खडखडत होता. नेर्लेकरांनी बराच वेळ ते सहन केलं. मग त्यांना राहवेना. ते उठले, त्या गृहस्थांच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसले, आपल्या स्वेटरच्या बाहीचा एक लोंबता धागा तोडला, आणि झाकणाच्या कडेखाली सरकवला. अंमळ पुढे. अंमळ मागे. खडखड विरली, आणि डब्यातून एक लांब, सोनेरी गुंजन वर आलं.

पुणेकर म्हणाले, "अरेच्चा. माझ्या डब्यात हे होतं?" आणि लगेच आपल्या बायकोचा डबा पुढे केला. "हिचाही बघा ना जरा."

त्यानंतर नेर्लेकरांना बसायला मिळालं नाही. या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे गुडघ्यांवरच सरकत ते दोरे घालत राहिले. स्वेटरची बाही मनगटापासून उसवत गेली. समोर ग्रॉन्या एकेक डबा शोधून त्याचा स्वर काढत होती, आणि एका वेळी तर संबंध हॉल, जमीन, खिडक्यांच्या काचा, सगळं मिळून एकच तंबोरा झाल्यासारखं वाटत होतं. बाळासाहेब डोळे मिटून बसले होते. संग्राम भिंतीला टेकून उभा होता. तो आता हसत नव्हता.

शेवटी तिने एकेक स्वर काढून घेतला. सगळ्यात शेवटी बाळासाहेबांचा मोठा डबा उरला, आणि तोही थांबला. पावसाचा आवाज आला. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी डब्यांवरच वाजवल्या.

नंतर चहा झाला. ठेचा आणणाऱ्या बाईने पाव मागवून ठेचा संपवला. ग्रॉन्या नेर्लेकरांपाशी आली. तिच्या कपाळावर घाम होता.

"दिलीप, या सगळ्यांनी डबे आणायचं कसं ठरवलं? तुम्ही सांगितलं होतं?"

आता हेही सांगायचं होतं. नेर्लेकरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं: जवारी हा शब्द, ते धान्य, तो निरोप, बाळासाहेबांचा फोन. "तुमच्यासाठी म्हणून कुणी आलं नव्हतं," ते म्हणाले. "सगळे पिठासाठी आले होते. मला तुम्हाला फसवायचं नव्हतं."

 ग्रॉन्या हसायला लागली, आणि हसता हसता तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. तिची बहीण धावत आली.

"आले पिठासाठी," ती डोळे पुसत म्हणाली. "पण बसले ना?"

"काही गेले."

"किती गेले ते नका सांगू. मागच्या खेपेला जाण्याइतकीसुद्धा माणसं नव्हती." ती उठली आणि टेबलावरच्या यंत्रांकडे पाहत जरा वेळ उभी राहिली. "त्या गॉलवेच्या मुलाला फोन करायला हवा. उगीच इतक्या लांब यायचा."

एवढंच ती म्हणाली. नेर्लेकरांनी मान हलवली. त्यांना आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

 घरी परतताना गाडीत संग्राम म्हणाला, "बाबा, ती सीडी कुठंय?" आणि यामिनीने ती लावली.

पुढच्या कार्यक्रमाचा निरोप लिहिण्याचं काम अर्थात त्यांच्याकडेच आलं. ते मिरजेला परत जायच्या आधीचा रविवार ग्रॉन्याने मुद्दाम धरला होता. त्या संध्याकाळी नेर्लेकर फोन घेऊन बसले. सुरेखाताईंनी बजावलं होतं, "या खेपेला मला दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही." त्यांनी 'संगीत' हा शब्द लिहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि तसाच राहू दिला. मग त्याखाली लिहिलं:

'येताना डबे आणावेत. रिकामे चालतील. झाकणं सैल असावीत.'

सुरेखाताईंनी वाचलं, आणि शेवटी आपल्या हाताने एक ओळ घातली: 'बाळासाहेबांसाठी कुणाकडे चांगलं ज्वारीचं पीठ असल्यास कळवावे.'